मालक कुठे आहेत?

पूर्वी आमच्या पुण्यात दुकानाला पाटी असे आणि दुकानदाराच्या कपाळाला आठी असे. एवढ्या भांडवलावर धंदा तीन-तीन पिढ्या व्यवस्थित चाले. पाटीवर 'आमची कुठेही शाखा नाही' असं लिहिलेलं असे, आणि 'असती तरी तुम्हांला पत्ता सांगितला नसता' हे आठीवर न लिहिताही वाचता येई. गिऱ्हाइकाकडे पाहून हसायचं असतं, असं कोणी पेठेत सुचवलं असतं तर 'का? मागची उधारी आणलीय का त्यानं?' असा सरळ सवाल आला असता. माल चांगला असेल तर हसायची गरज नाही, आणि वाईट असेल तर हसू येईलच कसं, असा तो चोख हिशेब होता.

तो काळ गेला. आता दुकानदारानं हसायचं असतं. नुसतं हसून भागत नाही. हसतानाचा फोटो काढून घ्यायचा असतो. मग तो पाकिटावर, पाटीवर, कार्डावर आणि मोबाइलमधल्या त्या वाटोळ्या खिडकीत डकवायचा असतो. या कामाचे फोटोग्राफरही निराळे. लग्नाचे वेगळे, बारशाचे वेगळे आणि धंदेवाल्यांचे वेगळे. मध्यंतरी वर्तमानपत्राच्या घडीतून अशाच एकाचं गुळगुळीत पत्रक माझ्या चहात पडलं. 'तुमचा चेहरा हाच तुमचा ब्रँड!' खाली तीन दर होते : सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. सिल्व्हरमध्ये एक पोशाख नि पाच फोटो, गोल्डमध्ये तीन पोशाख नि पंधरा फोटो, आणि प्लॅटिनममध्ये पोशाख हवे तेवढे, वर मेकअप, वर 'तुमची कहाणी'. कहाणी म्हटलं की आमच्याकडे हातात तांदूळ घेऊन बसायची सवय. इथे हातात चेकबुक घेऊन बसायचं, एवढाच फरक.

आता हा ब्रँड शब्दच बघा. मूळचा तो जाळण्या-भाजण्याचा. आपली गुरं दुसऱ्याच्या गुरांत मिसळू नयेत म्हणून तिकडचे लोक तापलेल्या सळीनं त्यांच्या अंगावर खूण डागत. त्याचं नाव ब्रँड. म्हणजे मराठीत सरळ 'डाग'. तोंडाला डाग लागू नये म्हणून ज्यांच्या चार पिढ्या जपून वागल्या, ते आता पैसे मोजून, रांग लावून तो लावून घेताहेत. पुढे १९९७ साली टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन व्यवस्थापन-पंडितांनी एका मासिकात लेख लिहून जाहीर केलं, की नुसता मालच नव्हे, तर प्रत्येक माणूस स्वतःच एक ब्रँड आहे. तोवर आपण सगळे नुसतीच माणसं होतो आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

पण खरं सांगायचं तर यात अगदीच नवं असं काही नाही. पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं १८५४ साली एकाच काचेवर अनेक छोटे फोटो काढायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाएवढे हे फोटो इतके स्वस्त पडू लागले, की माणसं ते तिळगुळासारखे एकमेकांना वाटत सुटली. आपणही मागे नव्हतो. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळातल्या फोटोंत सगळेच जण उधारी बुडाल्यासारखे का दिसतात, याचंही कारण आहे. अगदी सुरुवातीच्या कॅमेऱ्यांपुढे मिनिट-मिनिट हलायची सोय नसे. मान हलू नये म्हणून ती मागून लोखंडी टेकूत अडकवत. एक मिनिट सलग हसून बघा, म्हणजे आपले पूर्वज गंभीर का होते ते कळेल.

आणि मालावर मालकाचा चेहरा छापायची कल्पनाही जुनीच. दाढीची पाती विकणाऱ्या किंग जिलेट या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पात्याच्या वेष्टनावर स्वतःची छबी छापली. गंमत म्हणजे त्या छबीत त्यांच्या मिशा शाबूत आहेत! आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे मसालेवाले महाशय धरमपाल गुलाटी. १९२३ साली सियालकोटला जन्म, १९४७ मध्ये फाळणीत दिल्लीला आले, काही दिवस टांगा हाकला, मग करोलबागेत छोटं दुकान टाकलं. २०२० साली, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी गेले. तोवर पाकिटावरही तेच आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतही तेच. फेटा, पांढऱ्या मिशा आणि मोत्यांचा कंठा. त्या आजोबांना पाहून छोल्यांत मसाला कमी घालायची कोणाची छाती झाली नसेल.

मोठ्या कंपनीचं एक बरं असतं. तिला चेहरा नसला तरी इमारत असते. छोट्या धंदेवाल्याला इमारत नसते, चेहराच असतो. पूर्वी तो मालाबरोबर फुकट मिळे. गल्ल्यामागे माणूस बसलेला असे, त्याच्या तोंडाकडे बघून आपण भाव खरा की खोटा ते ठरवत असू. आता माल कुरिअरनं जातो, पैसे मोबाइलवरून येतात आणि मध्ये माणूस दिसतच नाही. मग त्याच्या जागी फोटो लागतो. २००६ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला, तरी तेवढ्यात आपण हा माणूस भरवशाचा की नाही याचं मत बनवून मोकळे होतो. आमच्या आईला एवढाही वेळ लागत नसे, पण तिच्यावर कोणी शोधनिबंध लिहिला नाही.

हे सगळं मी आज एवढ्या अधिकारानं सांगतोय त्याचं कारण आमच्या गल्लीतल्या काकू.

काकूंची आमच्या कोपऱ्यावर गिरणी आहे. पिठाची चक्की, शेजारी मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र, आणि फळीवर घरच्या भाजण्या, मेतकूट आणि गोडा मसाला. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. गिरणी काकांची. म्हणजे पाटीवर नाव काकांचं, गल्ल्यावर काका आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला काका. मसाला भाजायच्या, निवडायच्या, चाळायच्या, हिशेब लिहायच्या आणि रात्री चक्की पुसायच्या त्या काकू. पाच-सहा वर्षांपूर्वी काका गेले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी काकूंनी गिरणीचं शटर वर केलं. काकांचा हार घातलेला फोटो गल्ल्याच्या वर टांगला आणि त्याच्या खाली बसून कामाला लागल्या.

पण तेव्हापासून एक प्रश्न त्यांच्या पाठीस लागला. पिशव्यांचा विक्रेता येई : "मालक कुठे आहेत?" वजनकाट्यावर शिक्का मारणारा येई : "मालकांना बोलवा." कर्जाच्या चौकशीला बँकेचा तरुण साहेब आला, त्यानंही पाणी प्यायल्यावर तेच विचारलं. काकू चक्कीच्या पट्ट्यावरची नजर न काढता नुसतं बोट दाखवून सांगत, "वर आहेत." बहुतेकांना भिंतीवरचा हार दिसे आणि ते ओशाळून गप्प बसत. एक मिरचीचा दलाल मात्र नवखा होता. तो 'बरं' म्हणून शिडीनं माळ्यावर चढला. दहा मिनिटं रिकाम्या पोत्यांत मालक शोधून खाली उतरला तो पांढराशुभ्र होऊन, आणि म्हणाला, "वर कुणी नाही हो!" काकू म्हणाल्या, "आहेत. पण तुम्हांला एवढ्यात जायची घाई नको."

सून नोकरी करणारी, चलाख. तिनं मसाल्याची पाकिटं मोबाइलवरून विकायचं काढलं. ठाणे, नागपूर, बंगलोर, जिथे म्हणून चिंचगुळाच्या आमटीवाचून जीव कासावीस होतो तिथून मागण्या येऊ लागल्या. मागण्यांबरोबर प्रश्नही येत : हे कोण करतं? घरी करतात की कारखान्यात? सूनबाईंनी ठरवलं, पाकिटावर सासूबाईंचा फोटो छापायचा. त्यासाठी घरातले झाडून सगळे आल्बम बाहेर निघाले. मलाही बोलावणं आलं. मी लिहितो हे माहीत असल्यामुळे मला वेळच वेळ आहे असा आमच्या गल्लीचा समज आहे.

आम्ही दोन तास आल्बम पाहिले. चाळीस वर्षांचा संसार होता. मुंज, बारसं, डोहाळजेवण, काकांची एकसष्टी, महाबळेश्वरची सहल. काका प्रत्येक फोटोत, मध्यभागी. आणि काकू? मुंजीत त्या पंगतीत वाढताहेत. पाठ दिसते आणि हातातला वरणाचा ओगराळा दिसतो. बारशाच्या फोटोत डावा खांदा आहे. एकसष्टीच्या फोटोत ओवाळणीचं तबक अगदी स्पष्ट आहे, निरांजनाची ज्योतसुद्धा. मागे काकूंच्या जागी ज्योतीचा उजेड. महाबळेश्वरला पॉइंटवर सगळे उभे, त्यात काकू नाहीत. "तेव्हा पिशव्या सांभाळत होते मी," त्या म्हणाल्या. लग्नातल्या फोटोत मान इतकी खाली, की मुंडावळ्यांनाच हळद लागलीशी वाटत होती. काकूंचा एकटीचा, समोरून, डोळे उघडे असलेला फोटो सगळ्या घरात मिळून दोन ठिकाणी होता. एक मतदार ओळखपत्रावर आणि एक आधार कार्डावर. चाळीस वर्षांत या बाईंचा चेहरा सरळ समोरून पाहावासा वाटला तो फक्त सरकारला. आणि सरकारनं काढलेला फोटो मसाल्याच्या पाकिटावर छापणं शक्य नव्हतं. तो पाहून लोकांनी मसाला घेतला नसता, जामीन भरला असता.

सूनबाई आल्बम मिटून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गोल्ड पॅकेज घेऊ या."

"सिल्व्हर पुरे," काकू म्हणाल्या. "मला पोशाख कुठले तीन?"

अशा रीतीनं एका गुरुवारी, गिरणी बंद असल्यामुळे, काकू आणि मी त्या पत्रकवाल्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत दाखल झालो. मी का, तर सूनबाईला रजा नव्हती आणि तो वर सांगितलेला समज होताच. फोटोग्राफर पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, दाढी राखलेला. स्टुडिओत छत्र्याच छत्र्या, पण पावसाच्या नव्हेत, उजेडाच्या. आमच्या वेळच्या स्टुडिओत पडद्यावर ताजमहाल असे, शेजारी एक न वाजणारा टेलिफोन आणि एक डगमगतं स्टूल. इथे मागे नुसता करडा कागद होता. ताजमहाल गेला त्याचं मला वाईट वाटलं. निदान मागे बघण्यासारखं काही असे.

"मॅम, हात फोल्ड करा," पोरगा म्हणाला. म्हणजे हाताची घडी. हल्ली पाहा, डॉक्टर असो, जागांचा दलाल असो की केकवाली असो, फोटोत प्रत्येकाच्या हाताची घडी असते. हातांना काही काम उरलेलं नाही हे दाखवण्याची ही श्रीमंत पद्धत असावी. लेखकांचं वेगळं. त्यांचा हात हनुवटीखाली असतो, नाहीतर विचारांच्या ओझ्यानं डोकं खाली पडेल. काकूंनी ऐकल्याबरोबर हाताची घडी घातली आणि, नगरपालिकेच्या शाळेचा संस्कार, तोंडावर बोटही ठेवलं.

"बोट नको, मॅम. आता चेहऱ्यात जरा पॉवर आणा."

"गुरुवारी पॉवर नसते," काकू म्हणाल्या.

पोरग्यानं हार मानली नाही. त्यानं आतून नऊवारी लुगडं आणलं, नथ आणली, पितळेचे डबे आणले आणि शेवटी एक लाकडी उखळ नि मुसळ आणलं. "ट्रॅडिशनल लूक करू या. आजी मसाला कुटताहेत." काकूंनी ते सगळं नीट पाहून घेतलं, डब्याला पोचा आहे हेही सांगितलं आणि म्हणाल्या, "हे बघ बाळ, मी लग्नातसुद्धा नऊवारी तासाभरापुरती नेसले होते. नथ मला टोचते. आणि माझी मुसळं मोटरवर चालतात, पाच अश्वशक्तीच्या. उद्या कुणी बाई आली आणि म्हणाली, दाखवा तुमचं उखळ, तर काय तुझ्याकडे पाठवू?"

तरी त्यानं चार-पाच फोटो काढलेच, साध्या साडीत. मग संगणकावर बसून काकूंच्या कपाळावरून कसलीशी कांडी फिरवली. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचं काळं गेलं, गालावर तकाकी आली. काकू तीस वर्षांच्या दिसू लागल्या. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं.

"चांगली आहे मुलगी," त्या म्हणाल्या. "पण हिला मसाला येत असेल असं वाटत नाही."

इथे एखादा चिडला असता. पण पोरगा खरंच गुणी होता. तो खुर्ची फिरवून हसला आणि म्हणाला, "आजी, तुमची गिरणी कधी चालू असते?"

शुक्रवारी सकाळी तो कॅमेरा गळ्यात अडकवून गिरणीत हजर. उन्हाळ्याचे दिवस, मिरचीचा हंगाम, बाहेर पिशव्यांची रांग. आत शिरल्याशिरल्या तो सलग अकरा वेळा शिंकला. मग रुमाल बांधून त्यानं काय केलं, तर आधी काहीच केलं नाही. अर्धा तास नुसता उभा राहून उजेड कुठून येतो ते पाहिलं. मी म्हटलं, "अरे, मोबाइलवर काढ की पटकन, हात लांब करून." तर त्यानं मलाच वर्गात बसवलं. म्हणाला, "काका, जवळून काढला की नाक मोठं दिसतं." हे नुसतं त्याचं मत नव्हतं. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलंय. एक फुटावरून काढलेल्या फोटोत पुरुषाचं नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं आणि बायकांचं २९ टक्के. तिथेही बायकांनी एक टक्का वाचवलाच. पाच फुटांवरून काढलं की नाक आपल्या मूळ जागी परत जातं. म्हणून चेहऱ्याचा फोटो काढणारे लांबच्या भिंगाचा कॅमेरा घेऊन चार पावलं मागे उभे राहतात. मला हे फार पटलं. माणूस नीट दिसायला हवा असेल तर त्याच्या फार जवळ जाऊ नये, हे आमच्या चाळीत आम्ही भिंगाशिवाय शिकलो होतो.

उजेड दरवाज्यातून तिरपा येत होता. पिठाचे कण त्यात तरंगत होते. पोरगा म्हणाला, असा उजेड स्टुडिओत लाखाच्या सामानानंही मिळत नाही. काकू म्हणाल्या, "मग रोज येऊन ते पीठ पुसत जा."

पण कॅमेरा समोर आला, की त्यांची मान आपोआप मुंडावळ्यांच्या दिवसांत जाई. खाली. चाळीस वर्षांची सवय एका शुक्रवारी जात नाही. पोरगा 'इकडे बघा', 'हसा' म्हणून थकला. तेवढ्यात रांगेतल्या एका गिऱ्हाइकानं मिरच्यांची पिशवी पुढे सरकवली. काकूंनी सवयीनं मूठ भरून मिरच्या उचलल्या आणि एक मोडली. मोडताना कट् असा आवाज यायला हवा, आला नाही. मिरची वाकली. काकूंनी ताठ होऊन समोर पाहिलं. कपाळावर आठी, हातात वाकलेली मिरची, केसांवर पीठ.

"ही वाळलेली नाही," त्या म्हणाल्या. "अशी कांडून देणार नाही मी. पंधरा दिवसांत बुरशी येईल आणि नाव माझं घ्याल. दोन कडक उन्हं दाखवा आणि मग आणा."

कॅमेरा 'खट्' झाला.

तो फोटो मी नंतर पाहिला. त्यात हसू नाही. दागिना म्हणाल तर मंगळसूत्र काढल्यानंतर घातलेली साधी साखळी आणि नाकात चमकी. पण ती बाई सरळ तुमच्याकडे बघते आहे, आणि तुमच्या पिशवीत काय आहे ते तिला कळलेलं आहे.

काकूंना तो अजिबात पसंत पडला नाही. "ही मी नव्हेच," त्या म्हणाल्या. "माझी चमकी या बाजूला नसते." सूनबाई म्हणाली, अगदी तुम्हीच. मी म्हटलं, तुम्हीच. सगळी गल्ली म्हणाली, काकूच. याचाही उलगडा तिकडच्या विद्वानांनी १९७७ सालीच करून ठेवलाय. विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी बायकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले. एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. ज्यांचा फोटो त्यांना बहुधा आरशातला आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ आवडला. कारण सोपं आहे. आपण जन्मभर स्वतःला आरशातच पाहत आलो; डावं-उजवं बदललेलं तेच आपल्याला खरं वाटतं. म्हणजे जगाला ओळखीचा असतो तो आपला चेहरा आपल्यालाच परका असतो. चेहरा आपल्या मालकीचा असला, तरी वहिवाट लोकांची असते, असं एखाद्या वकिलानं म्हटलं असतं.

काकूंना हे पटलं असं नाही. पण सूनबाई म्हणाली, "आई, हा तुमच्यासाठी नाहीच. गिऱ्हाइकासाठी आहे." गिऱ्हाइकाचं नाव निघाल्यावर काकूंनी मान्यता दिली.

मग एक अडचण आली ती निराळीच. सूनबाईनं उत्साहानं त्या फोटोची मोठी प्रत करून चौकटीत बसवून आणली, गिरणीत काकांच्या शेजारी लावायला. खिळा ठोकायला मीच स्टुलावर चढलो होतो. तेवढ्यात रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावला. आपल्याकडे दुकानात चौकटीतला फोटो म्हणजे पुढचा अर्थ ठरलेला. त्यातून शेजारी हार घातलेला जोडीदार! उद्या एखादा भाविक गिऱ्हाईक दोघांनाही उदबत्ती ओवाळायचा. आम्ही सगळे गोंधळलो. काकू मात्र पट्टा बदलत होत्या, त्या वर न बघता म्हणाल्या, "भिंत त्यांची. मला पाकिटावर राहू दे. भिंतीवरच्या माणसाला कुणी जाब विचारत नाही."

मला वाटतं, या सगळ्या ब्रँडशास्त्रातलं सार काकूंनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं. सिल्व्हर-गोल्डवाले हसायला शिकवतात, हाताची घडी घालायला शिकवतात. पण मालावर तोंड छापलं, की ते तोंड दाखवावं लागतं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. फोटो म्हणजे काही शोभा नव्हे. ती सही आहे. आणि सही केली की हप्ते आले. काकूंचे हप्ते लगेच सुरू झाले. ठाण्याहून एका बाईंचा फोन : पाकीट वाटेत फुटलं, मसाला सादळला. मोठ्या कंपनीला फोन केला तर आधी 'एक दाबा', मग 'दोन दाबा' आणि शेवटी आपणच कपाळ दाबून घेतो. इथे पहिला प्रश्न आला, "फोटोतल्या बाईच बोलताय ना?"

"हो, मीच."

"मग तुम्हांला कसं सांगू... जरा सादळलाय हो."

त्या बाई भांडायला आल्या होत्या, पण आठी पाहिलेली असल्यामुळे विनंतीवर आल्या. काकूंनी दुसऱ्या दिवशी दुसरं पाकीट पाठवलं आणि पाकिटाचा कागदही बदलला. मंडईत एका अनोळखी बाईनं त्यांना भर रस्त्यात थांबवून 'दगडफूल जरा कमी घाला' म्हणून सांगितलं. काकू घरी येऊन म्हणाल्या, "आता मेलं रस्त्यावरून चालायची चोरी." पण सांगताना त्यांची मान खाली नव्हती, हे मी नीट पाहिलं.

परवा मी दळण घेऊन गेलो होतो. तेवढ्यात एक नवा विक्रेता आला. टाय लावलेला, हातात छापील पाकिटांचे नमुने. आत येऊन त्यानं सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. मला त्याच्या ओठांवर तो प्रश्न दिसला. अगदी 'मा' पर्यंत आला होता. मग त्याची नजर फळीवरच्या पाकिटांकडे गेली. पन्नास पाकिटांवरून पन्नास काकू वाकलेली मिरची हातात धरून त्याच्याकडे रोखून बघत होत्या. त्यानं त्या पन्नास पाहिल्या, मग गल्ल्यामागची एक्कावन्नावी पाहिली, आणि टाय सारखा करत म्हणाला, "मालकीणबाई, पाच मिनिटं वेळ आहे का?"

"तीन आहेत," काकू म्हणाल्या. "आणि भाव आधी सांगा."